मिठागरातला मनोरा आणि पश्चिमेचा अँकर

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. या अंकात दरवर्षी निवृत्त मंडळी आपले अनुभव लिहितात. कुणी बँकेत पस्तीस वर्षं काढलेली असतात, कुणी महापालिकेत. मी एका ठिकाणी जेमतेम दोन वर्षं नोकरी केली, तीही कॉलेज सांभाळून, आणि विसाव्या वर्षी लागून बाविसाव्या वर्षी निवृत्त झालो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी काहीही लिहिलं तरी घरचे न वाचताच चांगलं म्हणतात. अशा माणसाने अंकाची पानं अडवणं बरं नव्हे. पण संपादक म्हणाले, "अरे, त्या रेडिओच्या मनोऱ्याबद्दल लिही. सगळे लांबून बघतात, जवळ गेलेला तूच."

मी म्हटलं, "सर, जवळ गेलेले बरेच आहेत. पण त्यांना सांगितलंत तर ते खरं लिहितील."

संपादक हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

तर मनोरा. खाडीच्या पलीकडे, मिठागरांच्या मधोमध तो उभा आहे. नारिंगी-पांढरे पट्टे, त्रिकोणी जाळीची लोखंडी बांधणी, उंची पस्तीस मजली इमारतीएवढी आणि रुंदी आमच्या स्वयंपाकघराहून कमी. त्याचे तुकडे कधीकाळी जहाजाने आले आणि इथे चिखलात उभं राहून माणसांनी ते रिव्हेट ठोकून जोडले. गंमत खाली आहे. एवढा उंच मनोरा खालच्या टोकाला पेन्सिलीसारखा निमुळता होत जातो आणि एका चिनीमातीच्या ठोकळ्यावर टेकतो. ठोकळा पाणी तापवायच्या बंबाएवढा. सगळा भार त्याच्यावर. कारण या जातीच्या मनोऱ्यावर वेगळा एरियल लावलेला नसतो, मनोराच एरियल असतो. त्याच्यात वीज खेळते, म्हणून त्याने जमिनीला शिवायचं नाही.

आणि असा टोकावर उभा केलेला मनोरा पडत कसा नाही? तर त्याला तीन दिशांनी वायरी बांधलेल्या असतात. पश्चिम, ईशान्य, आग्नेय. प्रत्येक दिशेला तीन, एकूण नऊ जाडजूड लोखंडी वायरी. प्रत्येक दिशेच्या तिन्ही वायरी खाली एका लोखंडी प्लेटला येऊन मिळतात आणि त्या प्लेटला धरणारी मनगटाएवढी सळई जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यात जाते. त्याला म्हणायचं अँकर. म्हणजे मनोरा उभा नसतोच. तिघांनी तीन बाजूंना खेचून धरलेला असतो. एकाने हात सोडला की संपलं.

मिठागरातच का बांधला, हे मलाही कळत नव्हतं. खारा ओला चिखल वीज चांगली वाहून नेतो, त्यामुळे आवाज लांबवर जातो. मनोऱ्याभोवती जमिनीखाली चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरल्या आहेत त्याही त्यासाठीच. बांधणारे हुशार होते. फक्त, खारा चिखल लोखंडही चांगलं खातो, ही बाब त्यांनी पुढच्या पिढीवर सोपवली. पुढच्या पिढीने ती ठेकेदारावर सोपवली. ठेकेदाराने माझ्यावर.

आमचे ठेकेदार पारेखभाई. मनोऱ्याच्या देखभालीचं कंत्राट त्यांच्याकडे होतं. त्यांना मोजणी करून तक्ते भरणारा माणूस हवा होता. मी फिजिक्स शिकतो म्हटल्यावर त्यांनी मला तिथल्या तिथे ठेवून घेतलं. "फिजिक्स म्हणजे हेच ना, वरचं खाली पडतं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मुलाखत संपली.

मोजणीखेरीज माझ्याकडे तक्रारवही होती. मनोऱ्याच्या आसपास नवे कॉम्प्लेक्स उभे राहत होते आणि तिथे राहायला येणाऱ्यांना आपल्याआधी इथे काही होतं हे आवडत नसे. इंद्रलोक नावाच्या कॉम्प्लेक्समधले एक गृहस्थ आले. म्हणाले, "आमच्या बाल्कनीचं ग्रिल बोलतं."

"काय बोलतं?"

"सकाळी भजन. मग खतांच्या फवारणीबद्दल."

हे खरं असतं. गंजलेला सांधा कधी कधी रेडिओसारखं काम करतो. मी त्यांना समजावलं की सांधा घासा, रंग लावा, आवाज बंद होईल. त्यांनी तसं केलं आणि आठवड्यात पुन्हा आले. आता तक्रार अशी, की आई विचारतेय, भजन का बंद झालं? मी नव्या पानावर नोंद केली. उपाय या रकान्यात काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

एकदा एका बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला. "भाईसाब, ये टावर थोडा साईड में ले लो ना. सौ-दो सौ फूट. हमारे व्ह्यू में आता है." मी त्यालाही नम्रपणे सांगितलं की याची मुळं जमिनीत आहेत. तो म्हणाला, "तो क्या हुआ, झाड भी तो शिफ्ट करते हैं."

मात्र मनोऱ्याला खरा मान मिळाला तो आर्किटेक्चरचे विद्यार्थी येऊन फोटो काढायला लागल्यावर. मग वरून आदेश आला आणि कुंपणाला पाटी लागली: ऐतिहासिक वास्तू, परवानगीशिवाय हात लावू नये. ही पाटी पाहुण्यांसाठी असावी असं मला वाटलं. पण तिचं पालन सर्वांत कडकपणे आमच्याच लोकांनी केलं.

अपवाद एकच. बस्त्याव काका.

काका समुद्रकाठच्या पालीचे. वर चढून दिवे बदलणारा, बोल्ट आवळणारा, वायरींना ग्रीस लावणारा रिगर म्हणजे तेच. साठीच्या आसपासचे, बारीक, पायांचे तळवे लाकडासारखे. घरची मासेमारीची होडी मुलगा डॉमनिक बघायचा, काका मनोरा बघायचे. दुपारी प्रक्षेपण बंद झालं की ते चढत. तेव्हा वीज बंद असे, तरी ते मनोऱ्यावर एकेक पाय ठेवून कधी चढले नाहीत. दोन्ही पायांनी उडी मारून चढायचे आणि उडी मारूनच उतरायचे. चालू मनोऱ्यावर एक पाय आणि जमिनीवर दुसरा, म्हणजे वीज माणसातून वाट काढणार. "बंद हाय ते सायेब सांगतो," काका म्हणायचे. "सायबाला कोन सांगतो ते मना ठाव न्हाय."

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, नऊही वायरींचा ताण मोजायचा असे. त्याची पद्धत साधी आहे. वायरीला खालून जोरात झटका द्यायचा. एक लाट वायरीवरून सरसरत वर जाते, मनोऱ्याला धडकते आणि परत खाली येऊन हाताला टोचते. दहा वेळा परत येईपर्यंत किती सेकंद लागले ते घड्याळाने मोजायचं. वायर ताठ असेल तर लाट लवकर येते, सैल असेल तर रेंगाळते. कॉलेजात मी हेच सोनोमीटरच्या हातभर तारेवर केलं होतं आणि दहापैकी नऊ गुण मिळवले होते. इथे तार पस्तीस मजले वर गेलेली.

पहिल्या वर्षी तक्ते माझ्याआधीच भरून झाले होते. दुसऱ्या वर्षी मी आणि काका खरोखर मोजायला बसलो. काका झटका द्यायचे, तळवा वायरीवर ठेवायचे आणि माझं घड्याळ थांबायच्या आधी निकाल सांगायचे.

"ही बरी हाय."

"ही उन्हानं सैल पडली. सांजच्याला ताठ व्हईल."

"काय रं कॉलेजवाल्या, तुजं घड्याळ काय म्हनतंय?"

"तेच म्हणतंय, काका."

"मंग ते शिकलेलं दिसतंय."

पश्चिमेच्या सर्वांत वरच्या वायरीला झटका दिला. लाट गेली. काका तळवा लावून उभेच राहिले. माझं घड्याळ पुढे पुढे जात राहिलं.

"आजून एकदा," ते म्हणाले.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा लाट रेंगाळत आली. मी दुर्बीण बसवलेल्या मोजणीयंत्रातून दोन बाजूंनी मनोरा पाहिला. माथा पूर्वेकडे वीतभर झुकला होता.

मी म्हटलं, "वायर सैल झालीय का?"

"वायर न्हाय." काका चिखलात उकिडवे बसले आणि अँकरच्या सळईवर पाना वाजवला. "वायर चांगली हाय. तिला धरतोय त्यो सैल झालाय. आयक आवाज. आतनं खाल्लाय त्याला."

सळई काँक्रीटमध्ये शिरते तिथे तांबडा ओघळ होता. पश्चिमेने हात सोडला तर मनोरा पूर्वेला पडणार. मी पूर्वेला पाहिलं. बांधावर मिठागरात काम करणाऱ्यांच्या सात झोपड्या होत्या आणि एका झोपडीपुढे कुणीतरी गोधडी वाळत घातली होती.

संध्याकाळी पारेखभाईंना आकडे दाखवले. त्यांनी मागच्या वर्षीचा तक्ता काढला. "दोस्त, एवढा कशाला विचार करतोस? याच्यावरून उतरव, तारीख बदल. खाली लिही, पूर्ववत."

"मग मोजायचं कशाला?"

"मोजायचं, मोजायचं! मोजलं तर पाहिजेच. रूल आहे."

मी खरा आकडा लिहिला. यात शौर्य काही नव्हतं. प्रयोगवहीत आलेला आकडा लिहायचा असतो, एवढंच मला ठाऊक होतं. नोकरीत दुसरी वही असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आठ दिवसांनी केंद्राच्या कार्यालयात बोलावणं आलं. केंद्राचे अधिकारी कुलकर्णी साहेब, शेजारी मुंबईहून आलेले सल्लागार, कोपऱ्यात पारेखभाई. सल्लागारांपुढे जुन्या तक्त्यांची फाईल होती.

"हा आकडा कुणी लिहिला?"

"मी, सर."

"शिक्षण?"

"तिसरं वर्ष, सर. फिजिक्स."

"म्हणजे अजून शिकतोयस." त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली आणि एकेक पान उलटत गेले. "हे बघ. हे बघ. आणि हे. इतक्या वर्षांत पश्चिमेच्या वायरीचा आकडा दशांशानेही बदललेला नाही. आणि तुझा एकट्याचा वेगळा. आता मला सांग, इतकी माणसं चुकली असतील, की तू?"

"सर, ऊन पडलं तरी वायरीचा ताण थोडा बदलतो. आकडा दरवर्षी अगदी तोच येणं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

पारेखभाई खोकले. कुलकर्णी साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"माहीत नाही, सर," मी म्हटलं.

जागेवर पाहणी झाली. सल्लागारांचे बूट चांगले होते, त्यामुळे त्यांनी पश्चिमेच्या अँकरची तपासणी पक्क्या रस्त्यावरून, दुर्बिणीतून केली. बस्त्याव काका चिखलातून त्यांच्यापर्यंत चालत आले.

"सायेब, चार फूट खोदा. दोन मानसं, अर्धा दिस. माजं खोटं निगालं तर मीच बुजवतो."

सल्लागारांनी पाटीकडे बोट दाखवलं. "ऐतिहासिक वास्तू आहे. खोदायला समितीची परवानगी लागते."

"मंग घ्या."

"कारण काय लिहायचं? आकडे तर पूर्ववत आहेत."

"ह्या पोराचा न्हाय पूर्ववत."

"तो चुकीचा आहे."

"कशावरनं?"

"बाकीचे पूर्ववत आहेत त्यावरून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तक्त्यातला माझा एकच आकडा असा होता, ज्याच्या जोरावर तिथे फावडं मारता आलं असतं. हे त्यांना कळत होतं आणि मलाही. पारेखभाईंनी मला बाजूला घेतलं. "अनुभवाचं सर्टिफिकेट पाहिजे ना तुला? पुढच्या ॲडमिशनला? मग भांडतोस कोणाशी? दोन शब्द लिही, विषय संपव."

मी माझ्या आकड्यावर रेघ मारली. वर पूर्ववतचा आकडा लिहिला. बाजूला लिहिलं, निरीक्षणातील चूक. सही केली. सही नीट यावी म्हणून पॅड मांडीवर घेतलं हेसुद्धा आठवतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी वर चढायला नकार दिला. कुलकर्णी साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "वरनं मना त्या सात झोपड्या दिसत्यात." त्या आठवड्यात त्यांना वयोमानानुसार कमी करण्यात आलं. ज्या माणसाला त्या अँकरची अवस्था माहीत होती तो गेल्यामुळे मनोरा कागदावर आणखी सुरक्षित झाला.

जाण्याआधी ते झोपड्यांवर जाऊन आले. तिथल्या लोकांना सांगून पाहिलं की पाऊस संपेपर्यंत दुसरीकडे सरका. ते म्हणाले, सरकून कुठे जायचं, जागा दाखवा. जागा काकांकडे नव्हती.

मलाही नंतर राहवलं नाही आणि मी ती नोकरी सोडली. असं लिहिलं की चांगलं दिसतं. खरं म्हणजे कंत्राट संपलं. सर्टिफिकेट मिळालं. त्यात लिहिलंय, "निरीक्षणात अत्यंत अचूक". ॲडमिशनच्या वेळी मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी थँक यू म्हटलं.

दोन पावसाळे गेले. वारा सुटला की मी आमच्या गच्चीवर जायचो आणि मनोरा जागेवर आहे का ते बघायचो. आई म्हणायची, "अभ्यासाला हवा लागते वाटतं याला." काकांना भेटायला दोनदा पालीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडावरून परत आलो. काय सांगणार होतो? तुमचं खरं होतं, एवढंच. ते त्यांना माहीत होतं.

मनोरा पडला नाही. वादळी वाऱ्याच्या एका दिवशी तर कॉम्प्लेक्सच्या पत्र्याच्या शेडा उडून गेल्या, पण मनोरा तसाच. मला हळूहळू वाटायला लागलं की सल्लागारच बरोबर असतील. इतक्या माणसांचा आकडा एक आणि माझा एकट्याचा वेगळा. असं वाटून घेणं सोयीचंही होतं.

हा लेख मी इथवर लिहून ठेवला होता आणि शेवट काय करायचा ते कळत नव्हतं. गेल्या रविवारी डॉमनिकचा, काकांच्या मुलाचा, फोन आला. माझा नंबर त्याने पारेखभाईंकडून मिळवला होता.

"तुला न्यूज कळली का? टॉवरला लायटिंग करतायत. सुशोभीकरण! खांब लावायला खड्डा खणला, तो नेमका पश्चिमेच्या अँकरला."

"परवानगी?"

"लायटिंगला लगेच भेटली ना."

"मग? सळई?"

"सळई कसली, करंगळी राहिलीय. सगळे टरकले. मग बघतात तर मागच्या बाजूला झुडपात एक वायर. वायरी मिळतात त्या लोखंडी प्लेटला पकडलीय आणि पाठीमागे नेऊन जुन्या काँक्रीटच्या ठोकळ्याला आवळलीय. तिथे आधी दुसरा टॉवर होता ना, पाडला तो, त्याचा ठोकळा. क्लॅम्प मारलेत, ग्रीस लावलाय, टोकाला सुतळी गुंडाळलीय. दोन वर्षं टॉवर त्याच्यावर उभा आहे!"

मी फोन घेऊन गच्चीवर गेलो.

"आमच्या होडीची वायर आहे ती. कामावरून काढल्यावर पप्पाने लगेच लावली, कोणाला न सांगता. त्या सीझनला होडी पंधरा दिवस लेट सुटली आमची. पप्पा बोलला वायर चोरीला गेली. मी पोलीस कंप्लेंट करायला निघालेलो, तर मलाच ओरडला."

दोन वर्षांत तिथे मोजणी झाली होती. दोन तक्ते भरले होते. पश्चिमेचा अँकर, पूर्ववत.

"आता सळई नवीन टाकतायत," डॉमनिक म्हणाला. "ते मुंबईचे साहेब आलेले, त्यांनी रिपोर्ट दिला. त्यात लिहिलंय, ही वायर म्हणजे मूळ बांधणाऱ्यांनी दूरदृष्टीने करून ठेवलेली जादा सोय. म्हणून ती पण ऐतिहासिक. पप्पा गेला मागायला, की काम झालं, माझी वायर द्या. तर बोलले, हात नाही लावायचा, लेखी अर्ज करा, मालकीचा पुरावा जोडा."

"मग काका काय म्हणाले?"

"हसला. मग मला बोलला, त्या कॉलेजवाल्याला शोध. अर्ज तू लिहायचास म्हणे. आणि पप्पा बोललाय, या वेळेला खोडू नको."